माझ्या तोंडावरचा रुमाल

मित्रांनो, या क्षणी तुम्ही श्वास घेत आहात आणि त्याची तुम्हाला जाणीवही नाही. त्यात वावगे काहीच नाही. श्वास हा असा सेवक आहे की त्याला हाक मारावी लागत नाही, आणि तो कधी रजाही मागत नाही. माझा जन्म मात्र त्याची आठवण ठेवण्यासाठीच झाला. मी एक जुना हवेचा पंप आहे.

पंप म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे विहिरीवरचे धडधडणारे यंत्र उभे राहिले असेल. मी तसा नाही. मी जाड पुस्तकाएवढा आहे आणि कमरेच्या पट्ट्याला अडकवला जातो. माझ्या माथ्यातून एक लवचीक नळी निघते. ती कामकऱ्याच्या पाठीवरून खांद्यावर येते आणि त्याच्या गळपट्टीपाशी एका छोट्या डबीत संपते. त्या डबीत नाण्याहून थोडा मोठा, पांढराशुभ्र, गोल कागद असतो. डबीचे तोंड तेच माझे तोंड. ज्या हवेत माणूस श्वास घेतो तीच हवा मी मिनिटाला दोन लिटर, अशा संथ गतीने ओढतो. हवा पार निघून जाते, धूळ कागदावर राहते. पाळी सुरू होण्याआधी कागद तोलायचा, पाळी संपल्यावर पुन्हा तोलायचा. दोन्ही वजनांतला फरक म्हणजे त्या दिवशी त्या माणसाच्या नाकातोंडाशी आलेली धूळ. माझी विद्या एवढीच आहे. पण ती ज्याच्या उपयोगी पडते, तो प्राण आहे. म्हणून मी स्वतःला लहान मानत नाही.

मला घडवले एका चष्मेवाल्या बाईंनी. लांब टेबलाशी बसून त्यांनी माझ्या पोटात रबराचा पातळ पडदा बसवला. तो पडदा खालीवर होतो तेव्हा मी हवा ओढतो. पडदा बसवल्यावर त्यांनी मला कानाशी धरले, डोळे मिटून माझी घरघर ऐकली आणि शेजारणीला म्हणाल्या, "हा घोरतोय छान. जाऊ दे याला." ती माझी पहिली स्तुती. त्यानंतर एका मोठ्या विद्यापीठात, पर्यावरण आणि कामकऱ्यांचे आरोग्य शिकवणाऱ्या विभागात, मी दाखल झालो.

तारुण्यात मी पुष्कळ भटकलो. लाकडाच्या वखारी पाहिल्या, सिमेंटची गोदामे पाहिली, एका शाळेची जुनी भिंत पाडतानाची धूळही ओढली. माणसांच्या लबाड्याही तेथेच शिकलो. एका सुताराने गंमत म्हणून चिमूटभर भुसा माझ्या तोंडात कोंबला होता. गोदामातल्या एका हमालाने मला खिडकीजवळच्या खिळ्याला टांगले आणि स्वतः दिवसभर आत पोती वाहिली. दुसऱ्या एकाला माझा आकडा मोठा यायला हवा होता, म्हणून तो विश्रांतीच्या वेळीही मला करवतीपाशी ठेवून जाई. असे सगळे पाहिल्यावर मला वाटू लागले की आता मला कुणी फसवू शकत नाही. खोडी, कंटाळा आणि स्वार्थ, या तिघांना मी दुरून ओळखत असे. चौथी एक गोष्ट माणसांच्या हातून मला फसवू शकेल, हे मात्र मला अजून शिकायचे होते.

मग नवे पंप आले. मुठीत मावणारे, अंगावर आकडे चमकवणारे, आवाज न करणारे. माझी जागा वरच्या फळीवर, एका खोक्यात गेली. किती वर्षे गेली ते सांगता येणार नाही. अंधारात वर्षे मोजायला साधन नसते. माझा पडदा ताठरला, नळीला खोक्याच्या पुठ्ठ्याचा वास लागला. कधीतरी खोके हलले की वाटे, आली आपली वेळ. पण कुणीतरी शेजारचे खोके काढत असे.

त्या भांडाराच्या किल्ल्या ज्यांच्याकडे होत्या, त्यांना सगळे विद्यार्थी चावीकाका म्हणत. एके दिवशी त्यांचा आवाज कानी आला. "आली का आमची प्रश्नावली! उशिरा आलीस पोरी. नवे पंप सगळे गेले."

"मग जुने आहेत का, काका? किती जुने? चालतात का? का ठेवलेत मग?"

"बघा! एका दमात चार प्रश्न." चावीकाका हसत शिडी चढले. "घे हा म्हातारा. चालला तर तुझा, नाही चालला तर माझा."

असा मी त्या मुलीच्या हाती आलो. दूरच्या देशातून ती एकटी शिकायला आली होती. घरी तिच्या वडिलांची पिठाची गिरणी होती. या देशाची भाषा ती जपून, पायरी पाहून उतरावे तशी बोलत असे, पण प्रश्न विचारताना मात्र धावत सुटे. चावीकाकांनी ठेवलेले नाव तिला शोभत होते. तिने खोके उघडले, माझा पडदा बदलला, नळी बदलली, आणि माझी गती तपासायला साबणाचा फुगा वापरायची जुनी पद्धत काकांकडून शिकून घेतली.

ती पद्धत तुम्हालाही आवडेल. काचेच्या उभ्या नळीच्या तळाशी साबणाचे पाणी असते. मी हवा ओढू लागलो की पाण्यातून एक पातळसा पडदा सुटतो आणि नळीत सावकाश वर चढतो. त्याला एका रेघेपासून दुसऱ्या रेघेपर्यंत जायला किती वेळ लागला हे घड्याळात पाहिले, की माझी गती कळते. सकाळी पाहायची आणि संध्याकाळी पुन्हा पाहायची. शंभरात पाचांहून अधिक फरक पडला तर तो दिवस बाद, मग कागदावर काहीही असो. त्या दुपारी तिने तो फुगा नऊ वेळा चढवला. नऊपैकी चार वेळा गरज होती. उरलेल्या पाच वेळा तिला तो पाहायला आवडला म्हणून.

तिच्या प्रबंधासाठी तिला एक पाव भाजायचा कारखाना नेमून दिला होता. पांढऱ्या फरश्या, एका ओळीत तीन भट्ट्या, मध्ये लांबलचक लाकडी फळी आणि टोकाच्या खोलीत कणीक मळायचे प्रचंड यंत्र. आम्ही आत शिरलो तोच पाव बांधणाऱ्या बाईंनी हाळी दिली, "अरे, डॉक्टरीणबाई आल्या, पोटं आत घ्या! कमरेला यंत्र बांधणारेत."

"मी डॉक्टर नाही हो," मुलगी म्हणाली. "मी फक्त हवा मोजते."

"हवा मोजते? मग याच्यापासून सुरुवात कर." बाईंनी टोकाच्या खोलीकडे बोट केले. "याच्याकडे भरपूर आहे."

ज्यांच्याविषयी हे बोलणे चालले होते ते कणीकदादा दारात उभे होते. तीस वर्षे ते कणीक मळत होते. भुवया पांढऱ्या झाल्या होत्या, त्यांतले वयाचे पांढरे किती आणि पिठाचे किती हे सांगणे कठीण होते. दिवसाला साठ पोती ते यंत्राच्या तोंडात रिकामी करत. पोते उलटे करायचे, तीनदा झटकायचे, मग छातीशी धरून घडी घालायची. घडी घालताना पोत्यातून पिठाचा शेवटचा उसासा बाहेर पडे, तो थेट त्यांच्या तोंडावर. फळीवर पीठ उधळण्याची त्यांची हातोटी तर अशी की मनगटाचा एक झटका दिला की पीठ या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखे बसे. आणि साऱ्या कारखान्यात खोकला होता तो त्यांनाच. आठवड्याच्या शेवटी त्यांच्या छातीतून बारीक शिट्टी वाजे.

मुलीने त्यांना फुंकरीचा जोर मोजणाऱ्या एका फुंकनळीत फुंकायला लावले. आठवड्याच्या पहिल्या दिवशी आकडा बरा येई, शेवटच्या दिवशी खाली जाई, सुट्टीनंतर पुन्हा वर येई. हे तिने वहीत तीन वेळा अधोरेखित केले.

कारखान्याच्या व्यवस्थापकांनी एक गोष्ट आधीच स्पष्ट केली होती. ते वाईट गृहस्थ नव्हते. पण त्यांना कागदावर लिहिलेलेच पटे. "हे पाहा," ते म्हणाले होते, "पुढच्या महिन्यात मळायचं यंत्र दुरुस्तीसाठी उघडणार आहे. धूळ जास्त निघाली, तर त्याच वेळी वर धूळ ओढणारं छत्र बसवून टाकू. नाही निघाली, तर दोष हवेचा नाही, दादांच्या छातीचा. मग त्यांना मी फाटकावर बसवतो. मोकळी हवा, बसून काम."

कणीकदादा ते ऐकत होते. फाटकावर बसणे म्हणजे त्यांच्या दृष्टीने हात असून हात नसणे. त्यांनी फक्त मनगट एकदा झटकले, जणू पुढे फळी होती.

तर मित्रांनो, इतके सारे माझ्या त्या कागदाच्या चकतीवर येऊन ठेपले होते.

फुंकनळीच्या नोंदींत काही आठवडे गेले, मग मोजणीच्या पहिल्या सकाळी मुलीने मला दादांच्या कमरेला बांधले. डबी गळपट्टीला लावताना ती म्हणाली, "दादा, हे यंत्र जुनं आहे, नाजूक आहे. जरा जपा हं त्याला. माझं सगळं याच्यावरच अवलंबून आहे."

"काळजी करू नकोस," दादा म्हणाले. "माझ्या जिवासारखं जपतो."

टोकाच्या खोलीत पाहुण्यांनी थांबायचे नाही असा तेथला नियम होता. मुलगी दाराबाहेर उभी राहिली. दाराची काच पिठाने कायमची धुरकट झालेली होती.

दादांनी पहिले पोते उचलले. मी सावध झालो. इतक्या वर्षांनी खरे काम! पण त्यांनी पोते पुन्हा खाली ठेवले. खिशातून निळा रुमाल काढला, धुतलेला, घडीचा, घरून घाम पुसायला दिलेला. तो त्यांनी माझ्या तोंडावर दुहेरी घालून मागे गाठ मारली. मग डबीवर हलकेच थोपटले, लहान मुलाला झोपवताना थोपटतात तसे, आणि पोते यंत्रात उलटे केले.

पिठाचा ढग उठला. तो दादांच्या डोळ्यांत गेला, नाकात गेला, ते खोकले, बाहीने तोंड पुसले. मला मात्र साबणाचा मंद वास तेवढा आला.

साठ पोत्यांपैकी एकाही वेळी ते रुमाल विसरले नाहीत. पोती संपली की रुमाल काढायचे, झटकायचे, घडी घालून खिशात ठेवायचे. विश्रांतीच्या वेळी मुलीने विचारले, "त्रास तर नाही ना होत?" ते अभिमानाने म्हणाले, "त्याला? छे! मजेत आहे तो." ती हसली. तिला वाटले, आपण त्यांच्याविषयी विचारले आणि त्यांनी थट्टेने उत्तर दिले.

त्या दिवशी मला प्रथमच वाचेची उणीव भासली. ओरडावेसे वाटत होते की अहो, रुमाल काढा, मला तोंड भरून धूळ द्या! पण माझ्याजवळ घरघरीशिवाय दुसरा स्वर नव्हता. दुसऱ्या दिवशीही हेच झाले. तिसऱ्या दिवशी, तुलना करता यावी म्हणून, तिने मला पाव बांधणाऱ्या बाईंच्या कमरेला बांधले; तेथे रुमाल नव्हता.

तिन्ही कागद तोलायच्या बंद खोलीत गेले. तेथे कागद रात्रभर पडून राहू देतात, म्हणजे अंगावरचा दमटपणा सारखा होतो. मग श्वासानेही हलणाऱ्या सूक्ष्म काट्यावर ठेवतात. आकडे आले. पाव बांधणाऱ्या बाईंच्या कागदावर जेवढी धूळ, तिच्या निम्मीही दादांच्या कागदावर नव्हती. मुलीने तिसऱ्यांदा तोलले. तेच.

व्यवस्थापकांना प्राथमिक आकडे द्यायचे ठरले होते, ते तिला द्यावे लागले. ते खूश झाले. "मी म्हणतच होतो! स्वच्छ हवा. छत्राचं राहू द्या मग. दादांचं मी बघतो फाटकावर."

परतताना ती माझ्याशी बोलत होती, किंवा स्वतःशी. अशा वेळी फरक नसतो. "जो सगळ्यात जास्त धुळीत, त्याचा कागद सगळ्यात स्वच्छ कसा? छाती एक सांगते, कागद दुसरं सांगतो. खोटं कोण बोलतंय?" दुसरी एखादी असती तर कागदावर विश्वास ठेवून मोकळी झाली असती. त्या मुलीला मात्र उत्तरापेक्षा उत्तरातली खोच आधी दिसे. विभागात पोहोचताच तिने दादांचा कागद भिंगाखाली धरला. पिठाचे तुरळक कण होते, आणि त्यांच्यात अडकलेले बारीक धागे. निळे.

"कारखान्यात सगळ्यांचे कपडे पांढरे," ती पुटपुटली. "निळं कुठून आलं?"

तेवढ्यात तिचा फोन वाजला. वडील होते. त्यांच्याकडे संध्याकाळ असावी. मागे गिरणीचा पट्टा फिरल्याचा आवाज येत होता. मी टेबलावर होतो, सारे ऐकू येत होते.

"जेवलीस का गं?"

"जेवले, बाबा. तुम्ही खोकताय."

"खोकतोय कुठला! घसा साफ करतोय. तुझ्या आईसारखी नको मागे लागूस. ती आहे तेवढी पुरे."

"फडकं बांधता ना गिरणीत? मी सांगून आले होते."

"बांधतो की. रोज बांधतो. आल्या आल्या पहिलं काम तेच."

"तोंडाला?"

"तोंडाला कशाला? काट्याला. काट्यात पीठ शिरलं की वजन चुकतं, बाळा. लोक विश्वासानं दळण टाकतात. काटा जपायला नको?"

मुलगी पुन्हा भिंगावर वाकली.

"हॅलो? ऐकू येतंय का? अगं, गेली का लाईन?"

"नाही, बाबा," ती अगदी हळू म्हणाली. "सगळं ऐकू आलं." तिची नजर भिंगाखालच्या निळ्या धाग्यांवरून माझ्या डबीवर आली आणि तेथेच खिळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कारखान्यात गेली. मी तिच्या पिशवीत होतो. दादा हात धूत होते. तिने विचारले, "दादा, तुमच्याकडे निळा रुमाल आहे का?"

"आहे की." त्यांनी तो लगेच काढून दिला. "तुला हवाय? धुतलेला आहे."

"तुम्ही माझ्या यंत्राला बांधला होता?"

दादांचा चेहरा उजळला. कुणीतरी अखेर विचारले होते! "बांधला म्हणजे काय! दोन दिवस एक कण आत जाऊ दिला नाही. पोतं ओतायच्या आधी रुमाल, मग पोतं. तू सांगितलं होतंस ना?"

ती हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. बिचाऱ्या दादांना कळेना की हिला झाले तरी काय. "दादा," ती म्हणाली, "त्याचं कामच धूळ खायचं आहे. तुमच्या छातीत जेवढी जाते तेवढीच त्याच्यातही जायला हवी. तो तुमच्या वतीनं श्वास घेतो. तुम्ही त्यालाच वाचवलंत."

दादांनी पिशवीतून डोकावणाऱ्या माझ्याकडे पाहिले. "मग आधी सांगायचंस ना, पोरी! जपा म्हणालीस, म्हणून जपलं."

"चूक माझीच आहे," ती म्हणाली. "यंत्राला जपा म्हणाले. तो काय करतो ते सांगितलंच नाही."

पाव बांधणाऱ्या बाई मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्या म्हणाल्या, "तीस वर्षांत स्वतःच्या तोंडावर कधी धरला नाही रुमाल, आणि त्या डबड्याच्या तोंडाला गाठ मारून! धन्य आहे बाबा तुझी."

दादा ओशाळले. "डबडं म्हणू नका," ते म्हणाले. "जुनं आहे बिचारं."

पण चूक कळणे ही अर्धीच वाट होती. मुलीने विभागातल्या मोठ्या बाईंना, म्हणजे तिच्या प्राध्यापिकांना, सारे सांगितले. प्रबंध द्यायला थोडेच दिवस उरले होते. शिवाय आपण आपल्या हाताने दिलेला आकडा खोटा ठरवायचा होता, तोही परक्या देशात, परक्या भाषेत. मोठ्या बाईंनी एवढेच विचारले, "चूक कुठे झाली हे तुला नक्की ठाऊक आहे?" ती हो म्हणाली. "मग प्रबंधातलं सगळ्यात चांगलं प्रकरण तुला मिळालं आहे. जा, आधी व्यवस्थापकांना सांग. मला नंतर लिहून दे."

व्यवस्थापकांच्या कपाळाला आठी पडली. "म्हणजे दोन दिवस मोजलंत ते चूक, आणि आता बरोबर मोजणार? आकडा मनासारखा येईपर्यंत मोजायचं ठरवलंय का तुम्ही?"

"नाही," ती म्हणाली. भाषा अडखळली, ती अडखळली नाही. "फक्त एक दिवस. या वेळी मी खोलीत उभी राहीन, तोंडाला मुखपट्टी बांधून. तुम्हीही या. धूळ कमी निघाली तर तसंच लिहून देईन, खाली सही करीन."

सहीचे नाव निघताच ते थोडे निवळले. "उद्या," ते म्हणाले. "परवा कारागीर यंत्र उघडायला येतायत. छत्र बसवायचं की नाही, ते मला तोपर्यंत सांगायचंय."

मित्रांनो, तो उद्याचा दिवस मी कधी विसरणार नाही. डबी गळपट्टीला लागली. दादांनी पोते उचलले, सवयीने हात खिशाकडे गेला, तेथेच थांबला. मग त्यांनी पोते उलटे केले, आणि ढग माझ्यावर आला.

तीस वर्षे हा माणूस काय ओढत होता, ते मला पहिल्या झटक्याला कळले. तिसऱ्या झटक्याला मी गुदमरलो. पोत्याची घडी घालताना आलेला तो शेवटचा उसासा तर सरळ कागदावर थापला गेला. दाराशी उभ्या असलेल्या व्यवस्थापकांनी दहाव्या पोत्याला नाकाला हात लावला, विसाव्या पोत्याला ते बाहेर गेले. दादांना बाहेर जाणे नव्हते, म्हणून मलाही नव्हते.

दुपारनंतर नवेच संकट उभे राहिले. कागद पिठाने इतका भरला की हवा पार जाईना. माझा पडदा ताणला जाऊ लागला, घरघर खोल गेली. मुलगी कान देऊन ऐकत होती. तिच्या कपाळावर रेघ उमटली. मला नियम ठाऊक होता. माझी गती शंभरात पाचांहून अधिक खाली गेली तर दिवस बाद. परवा कारागीर येणार होते. दुसरा दिवस मिळणार नव्हता. आयुष्यभर मी माणसांचे श्वास मोजले, पण श्वास टिकवून धरणे म्हणजे काय, ते त्या दुपारी समजले. ओढत राहिलो. दादाही खोकत खोकत पोती ओतत राहिले. आम्ही दोघे एकाच पट्ट्याला बांधलेले दोन म्हातारे होतो.

पाळी संपली. पुन्हा काचेची नळी, साबणाचे पाणी. फुगा सुटला. सकाळी तो ताठ मानेने चढला होता. आता जिना चढणाऱ्या आजीबाईंसारखा, मध्ये दम खात चढत होता. दादा, बाई, व्यवस्थापक, सगळे वाकून पाहत होते. वरची रेघ गाठायच्या जरा आधी तो थरथरला.

"चढ रे बाबा," दादा म्हणाले.

रेघ ओलांडली. मुलीने घड्याळ पाहिले, आकडेमोड केली, पुन्हा केली. "शंभरात चार," ती म्हणाली. "दिवस धरला."

कागद तोलला तेव्हा आकडा पहिल्यापेक्षा कितीतरी पटींनी मोठा निघाला. व्यवस्थापकांनी तो वाचला, सही पाहिली, आणि त्यांच्या मोठेपणाची गोष्ट ही की तिसऱ्यांदा मोजायला त्यांनी सांगितले नाही. "मी विसाव्या पोत्याला बाहेर आलो," एवढेच म्हणाले. यंत्र उघडले तेव्हाच वर छत्र बसले. पोती आता यंत्राच्या पोटात खाली नेऊन कापतात, छातीशी घडी घालत नाहीत. फळीवर पीठ उधळण्याऐवजी चाळणीने पसरतात. यावर दादा पुष्कळ दिवस रुसले होते. "चाळणी कुणीही फिरवेल," ते म्हणत. पण आठवड्याच्या शेवटच्या दिवशी फुंकनळीत त्यांनी फुंकले तेव्हा आकडा खाली गेला नव्हता, आणि ते फाटकावर नव्हते.

त्या दुपारनंतर माझा पडदा पुरता थकला. चावीकाकांनी मला यादीतून काढले आणि मायदेशी निघालेल्या मुलीच्या हातात ठेवले. "चालला तर तुझा म्हणालो होतो ना? चालला."

म्हणून मी आता तिच्या घरी आहे, वडिलांच्या गिरणीत. प्रवासात खोक्यात बसून मी उत्सुक होतो की तो काटा कसा असेल, ज्याचे नाव मी फोनवर ऐकले होते. पाहिला. पितळेच्या पारड्यांचा, जुना, देखणा, आणि अंगावर स्वच्छ धुतलेले फडके पांघरून बसलेला. मला माझाच भाऊ भेटल्यासारखे वाटले.

आज सकाळी मुलीने माझा पडदा पुन्हा बदलला आणि मला वडिलांच्या कमरेला बांधले. या वेळी तिने आधी सारे समजावून सांगितले, कागद दाखवला, फुगा चढवून दाखवला. वडील मन लावून ऐकत होते. मग पहिला डबा दळायला लागला, पिठाची धार सुटली, आणि त्यांचा हात आपसूक काट्यावरच्या फडक्याकडे गेला. त्यांनी ते उचलले आणि माझ्या तोंडाशी आणले.

"बाबा," मुलगी म्हणाली.

"अगं, जुनं आहे ना, म्हणून..." ते म्हणाले, आणि थांबले. फडके हातात तसेच राहिले. ते एकदा माझ्याकडे पाहत, एकदा काट्याकडे. मग, जणू ते कुणा दुसऱ्याचे नाक आहे अशा संकोचाने, त्यांनी ते स्वतःच्या तोंडावरून नेऊन मागे गाठ मारली.

"एवढ्यानं भागायचं नाही," मुलगी म्हणाली. "धार पडते तिथेच बंद करायला हवी. पण आज मोजू, मग ठरवू."

मित्रांनो, वस्तू आपली कथा सांगते ती बहुधा 'मला जपा' असे म्हणण्यासाठी. माझे मागणे उलटे आहे. उद्या कुणी मला तुमच्या कमरेला बांधले तर मला जपू नका. मला तुमच्याबरोबर न्या, तुम्ही जेथे उभे राहता तेथे, जे ओढता ते ओढू द्या. आणि तुमच्या घरात असे कुणी असेल, की जे काट्यावर, यंत्रावर, गाडीवर रोज फडके घालते आणि स्वतः उघड्या तोंडाने धुळीत बसते, तर त्या माणसाला विचारा. प्रश्नावलीसारखे, एका दमात चार प्रश्न विचारा.

पाळी नुकतीच संपली आहे. कागद डबीतून काढून खिडकीपाशी ठेवला आहे; उद्यापर्यंत त्याचा दमटपणा जाईल, मग तो तोलायला जाईल. त्याच्यावर किती धूळ आहे, मला ठाऊक नाही. वडील दर थोड्या वेळाने उठून त्याच्यावर वाकतात आणि विचारतात, "किती असेल गं?" काट्यावर आज कुणी फडके घातलेले नाही.